चुलीवरून जाणारा अंकलेश्वर रोड

मी सुकलाल. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. एकतीस वर्षांत माझ्या गाडीखाली एक कोंबडी मेली, तीही तिच्या चुकीनं. हे आधीच सांगून ठेवतो. कारण मी सख्ख्या भावाच्या स्वयंपाकघरात जीप घातली असं तुम्हाला शहाद्यात कोणीही सांगेल, आणि असं सांगेल, जणू मी प्यायलो होतो. मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. जीप घातली हे खरं. पण तिथे रस्ता होता म्हणून घातली.

भाऊ म्हणजे आमचे जिभाऊ. नाव नवनीत, पण खान्देशात थोरल्याला नावानं हाक मारायची पद्धत नाही. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आयुष्यभर विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्याच वर्षी छबूवहिनी लग्न होऊन घरात आली, सोळा वर्षांची. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि कडेवर मी. तिनं मला घास भरवले, शाळेत घातलं, शाळेतून पळून आलो तर लपवलंसुद्धा. मला आईचा चेहरा आठवत नाही. आठवायची कधी गरजच पडली नाही.

आमच्या घरासमोरून तेव्हा अंकलेश्वर रोड जायचा. बऱ्हाणपूरकडून यायचा, शहाद्यातून तळोदा, अक्कलकुवा करत गुजरातेत उतरायचा. मला एसटीत नोकरी लागली ती याच रोडवर. सकाळची गाडी घेऊन आलो की घराच्या अलीकडे दोनदा छोटा हॉर्न द्यायचो आणि पहिल्या गिअरवर यायचो. वहिनी रस्त्याकडेला उभी असायची. फडक्यात बांधलेली भाकरी, वर मिरचीचा ठेचा, चालत्या गाडीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर टाकायची. रोजचे पाशिंजर त्या जागेला वहिनीचा स्टॉप म्हणायचे. तिकिटावर नव्हता तो स्टॉप, पण होता.

मग सोळा-सतरा वर्षांपूर्वी रस्ता उत्तरेला सरकवला. डांबर गेलं, जागा राहिली. आमच्याकडे मोकळी जागा आणि उघडं दूध फार वेळ राहत नाही. कोणी गोडाऊन बांधलं, कोणी मंगल कार्यालय, कोणी बैठकीची खोली पुढे ओढली. जिभाऊंनी स्वयंपाकघर वाढवलं, थेट रस्त्याच्या मधोमध.

मी ड्यूटीवरून आलो आणि ते बघून डोकं फिरलं. म्हटलं, "जिभाऊ, ही सरकारनी सडक शे." आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे.

"व्हती," जिभाऊ म्हणाले. "आते मन्ही चूल शे."

एवढंच. पण मी त्या सडकेवर गाडी चालवून पोट भरलं होतं, मला लागलं ते. शब्दानं शब्द वाढला, गल्ली गोळा झाली. मी म्हणालो, वहिनीच्या गळ्याची आण, या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. जिभाऊ म्हणाले, हिच्याच गळ्याची आण, तुला या दारातून आत घेणार नाही. वहिनी मधे उभी होती, पिठाचा हात गळ्याला लावून. ती म्हणाली, "दोन्ही भाऊस्नी मन्हाच गया धरा." मग आत निघून गेली आणि भाकऱ्या थापत बसली.

आता तुम्ही म्हणाल, शपथ काय, मोडायची. माझी बायको तापीबाई आमच्या वेगळ्या बिऱ्हाडात सोळा वर्षं हेच म्हणते. स्वतःच्या गळ्याची असती तर त्याच रात्री मोडली असती. पण शपथ मोडली आणि तिला काही झालं तर? आम्ही दोघं अडाणी म्हणा हवं तर. दोघांनाही तिला काही होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून सोळा वर्षं दोघांनीही तिला रडवलं.

लग्नाकार्यात ती भेटायची तोवर चाललं. संक्रांतीच्या आधी ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चालवा, पण स्वयंपाकघरातल्या खाटेवरून ती उठेना. म्हणे, चालून जायचं कुठे. तापीबाई रोज जाऊन यायची. एकदा मोबाईलवर माझं तोंड दाखवलं तिला. वहिनीच्या डोळ्यात मोतीबिंदू. ती म्हणाली, "हाई कोनं टक्कल शे?" नंतर निरोप पाठवला, सुक्याला सांग, एकदा समोर ये. मी मरसू तवय येशी का?

तो निरोप ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही. तापीबाईनं ताट उचलून ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या शपथेला आग लागो."

याच सुमारास आमच्या वॉर्डाचा मेंबर हेमराज एक नकाशा घेऊन माझ्याकडे आला. कुठल्यातरी खात्याची योजना होती, जुने मार्ग ऐतिहासिक म्हणून जाहीर करायचे. कागदात एक ओळ होती, "ऐतिहासिक मार्गास कोणीही धक्का लावणार नाही." या ओळीचा अर्थ आमच्या गल्लीनं असा लावला की रस्त्याला धक्का नाही, म्हणजे रस्त्यावर बांधलेल्या घरालाही धक्का नाही. अतिक्रमणाची नोटीस कायमची मेली. वर निळी पाटी मिळणार. सगळे इतिहासाच्या प्रेमात पडले.

अट एकच. मार्ग सलग आणि वाहतुकीस खुला पाहिजे. तपासणीच्या दिवशी जुन्या बनावटीचं वाहन या टोकापासून त्या टोकापर्यंत मूळ रेषेवरून गेलं पाहिजे, आणि चालवणारा त्या मार्गावर पूर्वी सेवा केलेला पाहिजे. तसा जिवंत ड्रायव्हर शहाद्यात मी एकटा उरलो होतो. जीपही होती माझ्याकडे, तळोद्याच्या जामसिंगकडून घेतलेली. त्यानं ती वीस वर्षं डोंगरात चालवली, काठी गावच्या होळीला एकेका खेपेत सव्वीस माणसं नेली. तिला काही नवीन नव्हतं.

हेमराजनं नकाशा पसरला. लाल रेघ केळीच्या गोडाऊनमधून, मंगल कार्यालयातून, रायसिंग गुरुजींच्या बैठकीतून आली आणि जिभाऊंच्या स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीतून शिरून पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर पडली. मी म्हणालो, चालवतो.

हेमराज गेल्यावर तापीबाई म्हणाली, "चाकं म्हणजे पाय नव्हे का?"

"नव्हे," मी म्हणालो. "मी पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. टायर ठेवणार नाही असं म्हटलं नव्हतं."

"आणि जिभाऊंचं दार?"

"रस्ता दारातून जात नाही. भिंतीतून जातो."

ती उठली. "एसटीनं तुम्हाला पेन्शन देऊन बरं केलं," एवढंच म्हणाली. मग जाता जाता म्हणाली, "जिभाऊंच्या हाताला फोड आलेत. कशानं विचारलं तर सांगत नाहीत." मी लक्ष दिलं नाही. या वयात इंजिन खोलत बसले असतील.

तपासणीला रंजिता मॅडम आल्या. तिशीच्या असतील, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. माझ्या शेजारी बसल्या, मागे हेमराज. मॅडमनी विचारलं, "काका, रस्ता दिसत नाहीये."

"दिसेल," मी म्हणालो. "आधी शटर उघडू द्या."

शटर वर गेलं आणि आम्ही केळी पिकवायच्या गोडाऊनमध्ये शिरलो. मालकानं क्रेट दोन्ही बाजूंना रचून मधे वाट केली होती आणि पाटी लावली होती, "केळी पिकत आहेत, हॉर्न वाजवू नये." आत एवढी थंडी की मॅडमच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांच्या फॉर्मात हवामानाचा रकाना होता. त्यांनी बाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं, आत पाहिलं आणि लिहिलं, "बदलते."

मंगल कार्यालयात नेमकी हळद होती. नवरदेव हॉलच्या मधोमध पाटावर, म्हणजे नकाशाप्रमाणे उजव्या लेनमध्ये. त्याला पाटासकट उचलून बाजूला ठेवलं. पण लग्नघरात आलेल्याला तसंच कोण सोडतं. मला टॉवेल-टोपी केली, मॅडमच्या गालाला हळद लावली, बॉनेटला लावली, हेमराजला लावली. बँडवाल्यांना वाटलं जीप वरातीची आहे. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि पन्नास जण आमच्यापुढे नाचायला लागले. साठ फुटांच्या हॉलला आम्हाला पाऊण तास लागला. वाहतुकीच्या रकान्यात मॅडमनी पिवळ्या बोटांनी लिहिलं, "अतिशय दाट."

रायसिंग गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, डोंगरातल्या आश्रमशाळांवर जन्म गेला त्यांचा. शिस्तीचा माणूस. त्यांच्या सुनेनं बैठकीतल्या फरशीवर रांगोळीनं पांढरे पट्टे काढले होते आणि गुरुजी शिट्टी घेऊन उभे होते. टीव्ही आणि सोफ्याच्या मधे त्यांनी मला थांबवलं, लायसन मागितलं, नीट वाचलं. मग सुनेला पट्ट्यांवरून पलीकडे जाऊ दिलं. ती चहा घेऊन परत आली, पुन्हा पट्ट्यांवरूनच. चहा नको म्हणायची सोय नव्हती. गुरुजी म्हणाले, "माझ्या घरातून रस्ता गेला असेल, पण माझ्या घरातून कोणी चहाशिवाय गेलेलं नाही." वळताना हात दाखवला नाही म्हणून त्यांनी मला परत मागे घ्यायला लावलं.

मी हसत होतो, चहा पीत होतो, पण माझं अर्धं लक्ष पुढे होतं.

गुरुजींच्या मागचं अंगण ओलांडलं आणि समोर जिभाऊंची पूर्वेची भिंत. पांढरी, चुना नुकताच मारलेला. दार दक्षिणेला, ते बंद.

मॅडमनी फाईल बघितली. "इथे मार्ग खंडित आहे का? मग पुढचं मागचं काहीच मंजूर होणार नाही."

हेमराजला घाम फुटला. तो उतरून दाराशी गेला. "जिभाऊ, दार उघडा. सगळ्या गल्लीचा प्रश्न आहे."

आतून आवाज आला, "दार नही उघडाव. आन शे."

सोळा वर्षांनी मी तो आवाज ऐकला. म्हातारा झाला होता. मी जीपमधूनच हेमराजला सांगितलं, मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं. "हेमराज, त्यास्ले सांग, दार कोनले जोयजे? सडक भिंतमाईन जास."

मग जिभाऊ म्हणाले, मला नाही, हेमराजला. "त्याले सांग, भिंतनी आन नही शे."

मी पहिला गिअर टाकला. बंपर भिंतीला लागला आणि भिंत गेली. धक्का नाही, धडाका नाही. गव्हाचं पोतं उसवावं तशी खाली बसली. विटा एकमेकींना चिकटलेल्याच नव्हत्या. सिमेंट नव्हतंच, नुसत्या ओल्या मातीत टेकवलेल्या होत्या. खाली, जिथे पडतील तिथे, दोन थर गोणपाट अंथरलेलं होतं. आत फरशीवर चुन्याच्या दोन सरळ रेघा होत्या, ओट्याच्या आणि खाटेच्या मधून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत.

जिभाऊ दाराशी पाठ लावून उभे होते, हाताला फडकं गुंडाळलेलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसानं पक्की भिंत आतून एकेक वीट करून काढली होती आणि परत रचून ठेवली होती. किती दिवस लागले असतील मी हिशोब करू शकलो नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. जीपच्या चाकांकडे बघत होते, रेघांच्या आत आहेत का म्हणून.

वहिनी खाटेवर आडवी होती. एवढीशी झाली होती. तिनं मान वळवली, पण तिला नीट दिसेना. "कोन शे?" म्हणाली.

मी हॉर्नवर हात ठेवला आणि दोनदा छोटा दिला.

वहिनी उठून बसली. तीन महिने जी नुसत्या कुशीला वळत नव्हती ती स्वतःच्या हातांवर जोर देऊन उठून बसली. "सुक्या," ती म्हणाली, "गाडी लेट शे रे तुन्ही."

मी रडलो. मॅडम शेजारी होत्या, हेमराज होता, गुरुजी मागून शिट्टीसकट आले होते, कोणाची लाज वाटली नाही. जिभाऊंनी तिच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या दिला. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं तो तुकडा जीपच्या बॉनेटवरून, हळदीच्या डागांवरून ओवाळला आणि कोपऱ्यात टाकला. मग उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. ठेच्याचा वास आला. सकाळपासून उशीखाली असेल.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "वाहन थांबल्याचं कारण लिहावं लागेल."

"स्टॉप आहे," मी म्हणालो.

"रेकॉर्डवर नाहीये."

"तिकिटावरही नव्हता."

त्यांनी लिहिलं. मग घड्याळ बघितलं. "चला, पुढची भिंत राहिली."

पश्चिमेची भिंत समोर होती, तीही तशीच ताज्या चुन्याची, माझ्या एका धक्क्याची वाट बघत. तिच्यातून गेलो की झालं. मार्ग मंजूर. संध्याकाळी भिंती परत बांधतील, या खेपेला सिमेंटमध्ये, वर निळी पाटी ठोकतील. मग मी कुठल्या रस्त्यानं येणार? दार माझ्यासाठी बंद आणि पाय माझे बांधलेले. वहिनीनं खिडकीची कड घट्ट धरून ठेवली होती.

डिझेल गाडीला इंजिन बंद करायची एक खुंटी असते, स्टिअरिंगखाली. मी गुडघ्याआडून ती ओढली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

"गाडी बंद पडली," मी म्हणालो.

हेमराज कपाळाला हात लावून खाली बसला. मॅडम म्हणाल्या, "मग उतरा, ढकलून नेऊ."

"मॅडम, ड्रायव्हरनं बंद पडलेली गाडी रस्त्यात सोडायची नसते. दुरुस्त होईपर्यंत तिथेच थांबायचं. नियम आहे."

"मेकॅनिक बोलवा मग."

कोणी काही बोलायच्या आत जिभाऊ पुढे झाले. बॉनेट उघडलं. चाळीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस, त्यांना आवाजावरूनच कळलं असणार. खुंटीची तार ओढलेली त्यांनी बघितली. तारेवरून त्यांची नजर सरकत माझ्यापर्यंत आली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी नजर काढली नाही. त्यांनी खिशातून पाना काढला, खाली वाकले, डिझेलच्या नळीचा एक नट काढला, फडक्यानं स्वच्छ पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"मोठं काम शे," ते मॅडमना म्हणाले. "टाइम लागी."

"किती?"

"आठ दिन. पंधरा दिनबी लागतीन."

"लागू द्या," वहिनी म्हणाली.

मॅडमनी पेनाचं टोपण चावलं. त्यांनी चुन्याच्या रेघा पाहिल्या, चूल पाहिली, माझ्या मांडीवरची पुरचुंडी पाहिली. मग हेमराजला म्हणाल्या, "घाबरू नका. गाडी बंद पडते तो रस्ताच असतो. घरात गाड्या बंद पडत नाहीत." आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलं, "मार्ग सलग व खुला. सध्या एक वाहन नादुरुस्त उभे. हटवल्यावर उर्वरित तपासणी." सही केली, गुरुजींच्या सुनेनं तिथेही आणलेला चहा घेतला आणि दारातून गेल्या. दार त्यांच्यासाठी उघडलं. मागोमाग सगळेच गेले.

आम्ही तिघंच उरलो. मी जीपमध्ये, वहिनी खाटेवर, जिभाऊ ओट्याला टेकून. पडलेल्या भिंतीतून ऊन आत येत होतं. मी पुरचुंडी सोडली, पण हात धुवायला पाणी मोरीजवळ, आणि मोरी पाच पावलांवर. मी फरशीकडे बघितलं. जिभाऊंनीही फरशीकडे बघितलं.

ते उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले, हातात स्वतःच्या चपला घेऊन. आमच्या स्वयंपाकघरात कधी कोणी चपला घातल्या नाहीत, आजारी माणसानंसुद्धा नाही. जिभाऊ गुडघे धरून वाकले आणि त्या चपला जीपच्या दाराखाली, चुन्याच्या रेघेच्या आत, जोडीनं लावून ठेवल्या. मग पाठ फिरवून तांब्यात पाणी ओतायला लागले.

मी अनवाणी पाय खाली सोडले आणि चपलांत घातले. फरशीला कुठे लागले नाहीत. चपला एक नंबर मोठ्या होत्या. लहानपणीही त्यांच्या चपला मला मोठ्याच व्हायच्या.